नोंदवहीतला संशय

घरात एखादी वस्तू दिसेनाशी झाली की सर्वांची नजर प्रथम कामवाल्या बाईच्या पिशवीकडे वळते. तीच पिशवी दहा वेळा तपासली, तर एखादे वेळी तीत काही सापडेलही. परंतु इतरांच्या पिशव्या आपण कधी उघडल्याच नाहीत, याचा विसर पडतो. संगणकालाही नेमकी हीच चूक शिकवता येते.

पूर्वीच्या नोंदी यंत्रात भरावयाच्या आणि उद्या गस्त कोठे घालावी हे यंत्राने सांगावयाचे, अशी रीत अमेरिकेतील अनेक शहरांच्या पोलिसांनी अवलंबिली. २०१६ साली क्रिस्टियन लम व विल्यम आयझॅक या अभ्यासकांनी कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या २०१० मधील अमली पदार्थांविषयीच्या नोंदी घेऊन अशा एका प्रणालीची परीक्षा केली. सेवन करणारांचे अंदाजी प्रमाण गोऱ्या व काळ्या नागरिकांत जवळजवळ सारखेच होते. तरीही यंत्राचे ऐकले असते, तर काळ्या नागरिकांवर पोलिसांची नजर गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट राहिली असती. कारण उघड आहे. नोंदवहीत गुन्हा कोठे घडला हे नसते, पोलिसांनी तो कोठे शोधला हे असते. गस्त वाढली की अटका वाढतात, अटकांच्या नोंदी होतात आणि त्या नोंदी पुन्हा यंत्राच्या मुखी पडतात! त्याच राज्यातील सांताक्रूझ शहराने २०२० मध्ये अशा प्रणालींवर बंदी घातली.

आपल्या देशाला हा संशय अपरिचित नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी अशा जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; शिक्का मात्र सहजी पुसला गेला नाही. या जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये, असे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले.

अशा नोंदींवर पोसलेले यंत्र उद्या एखाद्या पोराच्या वस्तीकडे बोट दाखवील, तेव्हा ‘यंत्राला जात कोठली?’ असे म्हणून आपण निश्चिंत होऊ नये. नोंद कोणी केली, कशासाठी केली, ती किती काळ ठेवावयाची, आणि चुकीची असल्यास ती कोणाकडे दुरुस्त करून घ्यावयाची, हे विचारण्याचा नागरिकाला अधिकार हवा. निर्दोष सुटलेल्याचे नावही नोंदीतून सुटले पाहिजे.

पुढच्या खेपेस वस्तू हरवली, तर आधी आपलेच कपाट उघडून पाहावे.