एका सेकंदाला साठ चित्रं

भाचीने वहीचं पान माझ्यापुढे ठेवलं. वर रक्कम लिहिली होती, 60,000. निम्मे तिने साठवलेले, निम्मे आईबाबांचे. खाली एकच ओळ होती : 'माइनक्राफ्ट खेळता आणि रेकॉर्ड करता आलं पाहिजे.'

दर दिवाळीला डोंबिवलीच्या सोसायटीत दगडमातीचा किल्ला करणारी ही मुलगी वर्षभर माइनक्राफ्टमध्ये ठोकळ्यांचा राजगड बांधते आहे. पद्मावती माची झाली, सुवेळा अर्ध्यावर होती. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी तिला मराठीत समजावून सांगत, रेकॉर्ड करत बांधायची होती. पण जुन्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं की गेम अडखळायचा आणि व्हिडिओत तिचा आवाज पुढे, चित्र मागे. "मावशी, तू नवा पीसी जोडून देशील?" तिने विचारलं. "तू जोडायचास, मी शेजारी बसेन," मी म्हटलं.

गेली पंधरा वर्षं मी ओळखीच्यांचे पीसी असेंबल करते. कमी पैशांत मशीन बसवताना सगळीकडून थोडं थोडं कापायचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो. आधी बघावं लागतं की भार नेमका कुठे पडणार. तिथे पूर्ण पैसे टाकायचे आणि बाकी ठिकाणी निर्धास्त हात आखडायचा.

रेकॉर्डिंगचा भार किती, हे आम्ही त्याच पानावर मांडलं. फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे एक चित्र साधारण 6 एमबीचं. अशी सेकंदाला 60 चित्रं. म्हणजे दर सेकंदाला सुमारे 373 एमबी. तसंच्या तसं साठवायचं तर 1 टीबीची डिस्क पाऊण तासात भरेल. म्हणून प्रत्येक चित्र तिथल्या तिथे दाबून लहान करावं लागतं. हे काम एन्कोडिंगचं. ते प्रोसेसरवर टाकलं, तर गेम चालवणाऱ्या त्याच हातांना दुसरं काम लागतं. लॅपटॉप तिथेच दमत होता.

यावर उपाय ग्राफिक्स कार्डात असतो. एनव्हिडियाने 2012 पासून आपल्या कार्डांच्या चिपमध्ये एन्कोडिंगसाठी वेगळा भाग द्यायला सुरुवात केली. त्याला एनव्हेंक म्हणतात. गेमचं चित्र काढणारा भाग आपलं काम करतो, शेजारचा छोटा भाग ते चित्र दाबून डिस्ककडे पाठवतो.

2023 च्या मे महिन्यात आम्ही ग्रँट रोड स्टेशनला उतरलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं, तरी पार्ट घ्यायला येणारा प्रत्येक जण 'लॅमिंग्टन रोड'च म्हणतो. दुकानदाराने यादी वाचली आणि कार्डावर बोट ठेवलं. "आरएक्स 6500 एक्सटी घ्या, चार-पाच हजार वाचतील." गेमपुरता त्याचा सल्ला विचार करण्यासारखा होता. पण त्या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही. फक्त खेळणाऱ्याला हे कधी कळणारही नाही, रेकॉर्ड करणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळेल. आम्ही 8 जीबीचं आरटीएक्स 3050 घेतलं.

प्रोसेसर आय5-12400एफ, सहा कोअरचा. माइनक्राफ्टचा बराचसा भार एकाच कोअरवर पडतो, त्यामुळे कोअरच्या संख्येपेक्षा एकेक कोअर वेगवान असणं महत्त्वाचं. रॅम 8-8 जीबीच्या दोन पट्ट्या, कारण दोन पट्ट्या मिळून प्रोसेसरला दुहेरी वाट मिळते.

सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर मी अडून बसले. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या पीसीत मी कॅबिनेटसोबत आलेला, नावगाव नसलेला एसएमपीएस राहू दिला होता. सहा महिन्यांत तो जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. ते नुकसान माझ्या हातून झालं होतं, आणि ते मी विसरलेले नाही. इथे प्रोसेसर जोर लावताना 117 वॅटपर्यंत जातो, कार्ड 130 वॅट घेतं, बाकीचं धरून 300 च्या आसपास. आम्ही चांगल्या कंपनीचा 550 वॅटचा घेतला.

मग बचत कुठे? रंगीत दिवे नाहीत, वायफायचा बोर्ड नाही, मॉनिटर घरचाच. गेम आणि विंडोजसाठी 500 जीबीची एसएसडी, पण रेकॉर्डिंगसाठी तिच्या बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क. दाबलेला व्हिडिओ 20 एमबीपीएसने लिहिला, तर सेकंदाला अवघे अडीच एमबी होतात. जुनी डिस्क तेवढं सहज पेलते. 18 टक्के जीएसटी धरून बिल 58,000 च्या आत बसलं. प्रत्येक खोक्यावरचा सीरियल नंबर बिलावर आहे ना, हे भाचीने स्वतः ताडून पाहिलं.

रविवारी सकाळी डायनिंग टेबल रिकामं केलं. पायमोजे काढले, कॅबिनेटच्या धातूला हात लावला आणि बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला. सॉकेट उघडल्यावर ती गप्पच झाली. आत केसासारख्या 1700 पिना दाटीवाटीने उभ्या असतात. एक वाकली तर बोर्ड गेला. "दाबू नकोस, नुसता ठेव," मी सांगितलं. तिने प्रोसेसर दोन बोटांत कडेने धरला, कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाशी जुळवला आणि श्वास रोखून सोडला. मग लीव्हर. तो खाली नेताना करकर असा आवाज होतो आणि नवख्याचा हात थांबतो. तिचाही थांबला. मी मान हलवली. तिने जोर दिला, प्लॅस्टिकचं काळं झाकण आपसूक उडून टेबलावर पडलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

कूलरला पेस्ट लावलेलीच होती. त्याच्या चार पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांत, एकाआड एक दाबायच्या. चौथी 'टक' वाजेपर्यंत काम पुरं होत नाही. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. सगळ्यात किचकट काम शेवटी : पॉवर बटणाच्या तांदळाएवढ्या पिना. बोर्डाच्या पुस्तिकेतलं चित्र बघत तिने त्या एकेक करून बसवल्या.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. मला कारण दिसलं होतं, तरी मी थांबले. तिने मागे वाकून पाहिलं, बोर्डात लावलेली एचडीएमआय केबल काढली आणि ग्राफिक्स कार्डात खोचली. "एफ म्हणजे याच्यात ग्राफिक्स नाही ना, मावशी?" पडदा उजळला. बायोसमध्ये 3200 ची रॅम 2400 वर चालताना दिसली. तिथलं एक्सएमपी हे सेटिंग चालू केल्यावर ती आपल्या वेगाला आली.

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस घेतलं. 2012 पासून मोफत मिळणारं, ज्याचा कोड कुणीही वाचू शकतो असं सॉफ्टवेअर. मी आधी मुद्दाम एन्कोडिंग प्रोसेसरवर ठेवलं. उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारे शेडर लावून, दूरवरचा मुलूख दिसेल अशा सेटिंगवर ती बालेकिल्ल्यावर चढली, आणि ओबीएसच्या खिडकीत गळलेल्या चित्रांचा आकडा वाढत गेला. मग एनव्हेंक निवडलं. पुन्हा तीच चढण. आकडा शून्यावरून हलला नाही.

तिचा आवाज आणि गेमचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवले, म्हणजे पुढे एक कमी-जास्त करता येतो. फाईल एमकेव्ही ठेवली. एमपी4 चा हिशेब शेवटी लिहिला जातो. मधेच लाईट गेली तर अख्खी फाईल उघडत नाही. एमकेव्हीत तोवरचं वाचतं, आणि मग ओबीएसमध्येच तिचं एमपी4 करता येतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. पहिल्या पावसात रेकॉर्डिंगच्या मधेच लाईट गेली होती. "मावशी, सव्वीस मिनिटं वाचली!" तिने फाईल पाठवली. शेवटच्या क्षणी ती चिलखती बुरुजाच्या दोन भिंतींमधल्या अरुंद वाटेत उभी आहे आणि सांगते आहे, "शत्रू बाहेरची भिंत चढून आत आला, तरी त्याच्यासमोर अजून एक..."

पुढचा भाग तिने दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड केला.