सागवानी दाराचं पॉलिश

सागवानावर ऑइलपेंट फासणाऱ्यांबद्दल मला फारसं बरं बोलता येत नाही. आमच्या जुन्या फ्लॅटच्या आतल्या दारांवर असे थरावर थर होते. रिमूव्हर लावून, पत्र्याने खरवडून ते काढले, तेव्हा कुठे लाकूड दिसलं. पॉलिशचं काम थंडीत काढलं, कारण स्पिरिट पॉलिशचं आणि दमट हवेचं वाकडं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि पॉलिश पांढुरकं पडतं. भर पावसात स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा.

आधी घासणं. 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220; हात कायम लाकडाच्या रेषेबरोबर. आडवा ओरखडा कोऱ्या लाकडावर नजरेला येत नाही, पण स्टेन लावला की रंग त्यात मुरतो आणि तो उठून दिसतो. म्हणून मिस्त्री दाराच्या आडव्या पट्ट्या आधी घासत होते, उभ्या नंतर. सांध्यापलीकडे गेलेले ओरखडे उभी पट्टी घासताना आपसूक जातात.

मग चपडा. म्हणजे लाख, पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे बनवतात ती. लिटरभर स्पिरिटला साधारण 150 ग्रॅम. भिजत घालायचा, अधूनमधून हलवायचा, विरघळला की फडक्यातून गाळायचा. घाई म्हणून तापवायला मात्र जाऊ नये, स्पिरिट पटकन पेट घेतं.

‘‘वहिनी, आधी पंखा बंद करा,’’ मिस्त्री म्हणाले. ओल्या थरावर धूळ बसते. मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा त्यांनी दाराच्या कडेबाहेरून सरकवत आणला आणि पलीकडच्या कडेबाहेर नेला. मध्ये कुठेही हात थांबला नाही. थांबला असता, तर नव्या स्पिरिटने खालचा थर विरघळवून उचलला असता. बोळा ओढायला लागला, की जवसाच्या तेलाचा एक थेंब.

मोरीच्या दाराला हे पॉलिश नको, पाण्याचे पांढरे डाग पडतात. तिथे पीयूच बरं. आणि पावसाळ्यात फुगून अडणारं दार बऱ्याचदा पाणी पितं ते वरच्या-खालच्या कोऱ्या कडांतून. त्या कडांना हात लावायचा तर दार बिजागरीवरून उतरवावं लागतं. मजुरी ठरवतानाच हे बोलून घ्या. काम सुरू झाल्यावर कुणी उतरवत नाही.