राजा बदलला, पण नाणे बुडाले नाही!

जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील बुद्धलेण्यांच्या एका गटाला भीमाशंकर लेणी म्हणतात. देवस्थान वेगळे, ही लेणी वेगळी. तेथे नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. ४६ व्या वर्षी त्याने मंडप आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद त्यात आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. राज्य गेले. मग लोकांच्या हातातील नहपानाच्या नाण्यांचे काय झाले?

उत्तर जमिनीतूनच निघाले. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीची १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवरच सातकर्णीचा ठसा मारलेला आहे. नाणे शत्रूचे, तरी नव्या ठशाने तेच पुन्हा चलनात आले.

आता आपल्या लोकशाहीतील व्यवहार पाहा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या. १४ नोव्हेंबरला जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. खेड्यातील माणसाला जवळची बँक तीच! ३० डिसेंबरला बाकीच्या बँकांचीही मुदत संपली.

काही वर्षांपूर्वी भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यातून, आंबेगाव तालुक्यातील एक आजी आमच्याकडे आल्या. नवरा वारल्यावर कणगीच्या तळाशी ५०० च्या नऊ नोटा सापडल्या होत्या. हिरडा विकून साठवलेले ४,५०० रुपये. "वकीलसाहेब, नोट सरकारचीच आहे ना?" त्यांनी विचारले. आम्ही काय सांगणार? २०१७ च्या कायद्याने या नोटांची रिझर्व्ह बँकेवरील जबाबदारीच संपवली आहे. दहापेक्षा जास्त नोटा बाळगल्या तर दंड! आजींकडे नऊच होत्या, म्हणून त्या गुन्हेगार ठरल्या नाहीत, एवढेच.

२ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने नोटबंदी वैध ठरवली. हे काम संसदेच्या कायद्याने व्हायला हवे होते, असे न्या. नागरत्ना यांनी विरोधी निकालात नोंदवले. रिझर्व्ह बँकेच्याच अहवालानुसार ९९.३ टक्के नोटा परत आल्या. मग काळा पैसा गेला कुठे? आणि बुडाला तो कोणाचा?

बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिला. रुपयाच्या खरेदीशक्तीला स्थैर्य हवे, हा त्यांचा आग्रह होता. ज्याच्याकडे जमीन नाही, सोने नाही, त्याची सारी मिळकत नोटेतच असते. म्हणून नोटेवरचे वचन मोडले की आधी गरीब मोडतो.

आमची मागणी साधी आहे. अल्प रकमेच्या जुन्या नोटा चौकशी करून बदलून देण्याची तरतूद कायद्यात करा. आणि कार्यकर्त्यांनो, तोपर्यंत एक काम करा. १९ मे २०२३ रोजी २,००० ची नोट मागे घेतली गेली, पण ती रद्द झालेली नाही. मुंबई, बेलापूर, नागपूरसह रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत ती आजही बदलून मिळते. टपालाने पाठवून खात्यातही जमा करता येते. वाड्या-वस्त्यांवर जा आणि विचारा, "आजी, कणगीत काही राहिले आहे का?" पुन्हा उशीर होता कामा नये!