वजनकाटा, स्टेथोस्कोप आणि बी-लाइन

जालन्याच्या उन्हाळ्यात डायलिसिसच्या पेशंटला सगळ्यात जास्त छळते ते पाण्याचे पथ्य. मोसंबीच्या या मुलखात पोटॅशियमच्या धाकाने मोसंबीही नको म्हणतात. लघवी जवळपास थांबलेल्या माणसाच्या अंगात दोन डायलिसिसच्या मधे दोन-तीन किलो पाणी सहज साठते. त्यातले किती ओढायचे, हे ‘ड्राय वेट’वर, म्हणजे जादा पाणी नसतानाच्या वजनावर ठरते, आणि ते ड्राय वेट बरीच वर्षे वजनकाटा, बीपी, पायाची सूज आणि पाठीला लावलेला स्टेथोस्कोप यांवरूनच ठरत आले. काट्याला मांस आणि पाणी यांतला फरक कळत नाही. पेशंट खंगत गेला आणि तेवढेच पाणी वाढले, तर काटा जुनाच आकडा दाखवतो. रात्री आडवे झाल्यावर धाप लागते, तेव्हा घरच्यांना कळते.

नोव्हेंबर २०१३ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यभर लागू झाली, तीच पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने चालू राहिली. २०१६ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. डायलिसिसचा खर्च गरिबाच्या आवाक्यात आला. पाण्याचा अंदाज मात्र जुन्याच पद्धतीचा राहिला.

तिकडे युरोपात वेगळेच घडत होते. हवेने भरलेल्या फुफ्फुसात सोनोग्राफीचे काय काम, असे पाठ्यपुस्तके सांगत. १९९७ मध्ये फ्रान्सच्या डॅनिएल लिश्टेनस्टाइन यांनी दाखवले, की फुफ्फुसाच्या जाळीत पाणी साचले की पडद्यावर आवरणापासून खाली उभ्या उजळ रेघा उतरतात. त्याच या बी-लाइन. डायलिसिस चालू असताना, पाणी निघेल तशा त्या कमी होतात, हे २००९ मध्ये नोंदले गेले. इटलीत कार्मिने झोकाली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ३९२ पेशंटांवरून दाखवले, की रेघा जितक्या दाट तितका मृत्यूचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त. २०१६ चा निष्कर्ष डॉक्टरांना जास्त झोंबणारा होता: स्टेथोस्कोपातली कुरकुर आणि पायाची सूज यांचा फुफ्फुसातल्या पाण्याशी मेळ फारच कमी बसतो.

तरी भक्तिभाव नको. २०२१ च्या ‘लस्ट’ चाचणीत ३६७ पेशंटांपैकी निम्म्यांचे पाणी सोनोग्राफी पाहून काढले. मृत्यू, हार्ट अटॅक आणि हार्ट फेल्युअर यांच्या एकत्रित मोजणीत ठळक फरक दिसला नाही. हार्ट फेल्युअरचे वारंवार येणारे झटके मात्र कमी झालेले दिसले, तेही मागाहून केलेल्या विश्लेषणात. माझ्या मते एवढेही थोडे नाही. धाप लागून मध्यरात्री गाडी शोधणाऱ्या कुटुंबाला विचारा.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. २०११ च्या जनगणनेत जालन्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८७० मुली होत्या. त्यामुळे इथे सोनोग्राफी म्हटले की आधी गर्भलिंग निदान रोखणारा कायदा आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण त्याच कायद्यामुळे साठीतल्या पेशंटच्या छातीवर प्रोब फिरवायलाही मशीन आणि जागा नोंदलेली लागते. मूळ पद्धतीत छातीवर २८ जागा पाहतात. ८ जागा पाहूनही जवळपास तेच कळते, असे २०२१ मध्ये दिसले. म्हणजे वेळ फारसा लागत नाही. डायलिसिसच्या खाटेपाशी नोंदणीकृत मशीन आणि ते चालवायला शिकलेला हात, एवढे जमवायला हवे.