इंजिन बदलले, नंबर बदलला

बँकेच्या नोकरीत तीसेक वर्षे काढली. त्या काळात माणसांचे चेहरे विसरलो, पण काही नंबर अजून पाठ आहेत. त्यातला एक एका बेडफोर्ड लॉरीच्या इंजिनाचा. तो मी इथे देणार नाही, कारण त्याचा आता कोणालाच उपयोग नाही. पण तो नंबर जुळला नाही म्हणून जे घडले, ते सांगण्याजोगे आहे.

साल 1984. मी नगर जिल्ह्यातल्या एका शाखेत नवा अधिकारी. बँकांचे राष्ट्रीयीकरण 1969 साली झाले, त्यानंतर लहान वाहतूकदारांना कर्ज देणे हे अग्रक्रमाचे काम ठरले होते. आमच्या खातेदारांत एक तंबू टॉकीजवाले होते. मालक, त्यांची पत्नी, दोन मुले, एक ऑपरेटर आणि एक गडी असा सगळा संसार एका जुन्या लॉरीत. आज ज्याला कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि ज्याचे गुळगुळीत फोटो पर्यटनाच्या जाहिरातीत येतात, तसले घर हे लोक तेव्हाच वापरत होते. फरक एवढाच, की त्यांना पर्यटनाची हौस नव्हती. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की निघायचे आणि पाऊस तोंडावर आला की गावी परतायचे. पुढे या मंडळींवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट निघाला आणि 2016 साली कान महोत्सवात त्याचे कौतुक झाले. मी पाहिला तो काळ त्याच्या कितीतरी आधीचा.

लॉरी आमच्याकडे नजरगहाण. म्हणजे वस्तू कर्जदाराच्या ताब्यात, हक्क बँकेचा, आणि अधूनमधून जाऊन ती जागेवर आहे का हे पाहण्याचे काम माझ्यासारख्याचे. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा फाल्गुनात भरते. होळीपासून रंगपंचमीपर्यंत तिथे माणसांचा आणि गाढवांचा पूर लोटतो. गाढवांचा बाजार हे तिथले मोठे आकर्षण. मी एस.टी.ने पोचलो तेव्हा तंबू उभा होता. मागे लॉरीच्या हौद्यात ताडपत्रीखाली वहिनी भाकरी थापत होत्या आणि फिल्मच्या पेट्यांवर धाकटा पोरगा झोपला होता.

पद्धत अशी होती, की चॅसिसवरचा आणि इंजिनावरचा नंबर साफ करायचा, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल घासून छाप घ्यायची. चॅसिसचा नंबर जुळला. बॉनेट उघडल्यावर मात्र मी चक्रावलो. आत भलतेच इंजिन. नंबर वेगळा, घडण वेगळी, आणि त्यावर दुसऱ्याच कंपनीचे नाव: पर्किन्स.

“साहेब, वाईच बसा,” मालक म्हणाले. “पेट्रोल पिऊन पिऊन ती आमालाच खाया लागली व्हती.”

त्यांचा हिशेब खोटा नव्हता. बेडफोर्ड हे जनरल मोटर्सच्या ब्रिटिश शाखेचे वाहन. त्यात साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असे. युद्धानंतरच्या काळात ते ठीक होते, पण 1973 नंतर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलवर लॉरी हाकणे म्हणजे नोटा जाळणे झाले. पर्किन्स ही इंग्लंडमधल्या पीटरबरोची कंपनी, 1932 साली निघालेली. ती स्वतः लॉऱ्या बनवत नसे, दुसऱ्यांच्या वाहनांसाठी डिझेल इंजिने बनवी. तिचे पी-6 हे इंजिन 1937 साली आले आणि पेट्रोल काढून डिझेल बसवणाऱ्यांचे ते जगभर लाडके झाले. आपल्याकडे मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्सची इंजिने बनवायला घेतल्यावर त्यांचे सुटे भाग मिळणे सोपे झाले. मालकांनी एका मोडीत निघालेल्या लॉरीचे पी-6 मिळवले होते आणि एका मिस्त्रींनी ते बेडफोर्डमध्ये बसवले होते. पूर्वीचे इंजिन मिस्त्रींच्या शेडमध्ये पोत्याखाली पडून होते. म्हणजे बँकेचे तारण पोत्याखाली, आणि माझ्यासमोर जे होते त्याची बँकेच्या दप्तरी नोंदच नव्हती.

परक्या कंपनीचे इंजिन बसवणे हे काम किती नाजूक असते ते मला मिस्त्रींनी नंतर समजावले. इंजिन उचलून ठेवले आणि चार बोल्ट आवळले, असे होत नाही. त्याचे पाय जुन्या जागी बसत नाहीत, म्हणून चॅसिसला नव्या पट्ट्या लावाव्या लागतात. मागची तोंडे जुळत नाहीत, म्हणून गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड प्लेट कातून घालावी लागते. ती केसभर जरी तिरकी बसली तरी क्लच आणि बेअरिंगे महिन्यात खलास. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे बसतात. ते सावकाश फिरते पण ओढते जोरात, म्हणून चढावर लॉरी खूश आणि सपाटीवर सुस्त. मिस्त्रींनी हे सगळे नीट केले होते. थंडीच्या सकाळी हवेच्या तोंडाशी पेटती चिंधी धरून ते इंजिन कसे जागे करायचे, हेही मालकांना शिकवले होते.

मी मात्र कागदाचा माणूस. इंजिन बदलले तर मोटार वाहन खात्याला कळवायचे, नोंदणी पुस्तिकेत बदल करून घ्यायचा आणि बँकेला तर आधी विचारायचे. यातले काहीच झाले नव्हते. मी मालकांना पंधरा दिवसांची मुदत दिली. ते गयावया करू लागले. पुढची जत्रा तोंडावर होती, गाडी नगरला न्यायची म्हणजे दोन खेळ बुडणार. वहिनींनी तव्यावरून नजर न उचलता विचारले, “इंजान तर पयल्यापरीस चांगलं हाय ना? मग बँकेचं काय बिघडलं?” मला उत्तर देता आले नाही. तारण म्हणून ते इंजिन खरेच अधिक किमतीचे होते. परतताना एस.टी.त मला स्वतःचीच लाज वाटत होती.

मालक कुरकुरत का होईना नगरला गेले. मीही त्या दिवशी तिथे होतो. तपासणी करणाऱ्या निरीक्षकाने नंबर पाहिले, मग चढून ब्रेकच्या पेडलवर पाय दिला आणि थांबला. पुन्हा दिला. खाली उतरून त्याने मालकांना विचारले, “करंजीचा घाट उतरलात का या गाडीने?”

“एकदा उतरलो. पयला गेर टाकून. थोरला पोरगा मागं दगड घेऊन बसला व्हता. लोड जास्त हाय, म्हून ब्रेक कडक लागतोय असं वाटलं.”

घोटाळा असा होता. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. पाय उचलला की ती मिटते आणि आत ओढ निर्माण होते, पोकळी म्हणा हवी तर. त्या बेडफोर्डचा ब्रेक दाबायला हीच ओढ मदत करीत असे. डिझेल इंजिनात हवा मोकळी आत येते, वेग कमीजास्त होतो तो तेलाच्या मापाने. त्यामुळे तिथे तशी ओढ मिळत नाही. तिच्यासाठी एक वेगळा पंप लावावा लागतो, त्याला एक्झॉस्टर म्हणतात. मिस्त्रींनी इंजिन चालते कसे हे पाहिले, पण जुने इंजिन गाडी थांबवायलाही हातभार लावत होते हे त्यांच्या ध्यानात आले नाही. सगळा भार मालकांच्या एका पायावर होता. आणि मागे फिल्मच्या पेट्यांवर पोरगा झोपलेला.

निरीक्षकाने गाडी तिथेच उभी करवली. मिस्त्रींना बोलावणे गेले. भंगारातून एक एक्झॉस्टर शोधून, इंजिनाला जोडून, नळ्या टाकून तिसऱ्या दिवशी पेडल नरम झाले. दोन खेळ बुडाले ते बुडालेच. त्या महिन्याचा हप्ता थकला आणि मी माझ्या अहवालात त्याचे कारण खरे लिहिले. ते वरच्यांना रुचले नाही. तो भाग सोडून देतो.

नंतर एकदा नगरच्या रणगाडा संग्रहालयात नातवाला घेऊन गेलो होतो. हे संग्रहालय 1994 सालचे. तिथे सेंच्युरियन रणगाडा आहे, 1965 च्या युद्धात असल उत्तरला ज्यांनी पॅटनशी झुंज घेतली त्या जातीचा. त्याचे मीटिऑर इंजिन मूळ विमानाच्या घराण्यातले. स्पिटफायरमध्ये रोल्स-रॉइसचे मर्लिन असे, त्याचा जादा हवा कोंबणारा भाग काढून ते रणगाड्यासाठी बेतले गेले. सत्तावीस लिटरचे धूड. आकाशातले इंजिन चिखलात उतरवणारे मोठे लोक होते, त्यांच्यापाशी चाचण्यांची मैदाने होती. आमच्या मिस्त्रींपाशी एक शेड होती आणि करंजीचा घाट.

आता कायदा अधिक कडक आहे. 1988 च्या कायद्याचे 52 वे कलम मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली ते ठामपणे सांगितले. गॅसचे किट बसवायचे तरी ते मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेले लागते. अशा संस्थांपैकी एक, व्ही.आर.डी.ई., आपल्या नगरातच, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात आहे. हौशी मंडळींना हा जाच वाटतो. जुन्या गाडीत नवे इंजिन घालून हिमालयात जायचे बेत करणारा एक भाचा माझ्याशी यावरून भांडतो. मी त्याला एवढेच विचारतो, की जुने इंजिन काय काय करत होते त्याची यादी केलीस का? दिव्यांची वीज, ब्रेकची ओढ, सगळे? तो गप्प बसतो आणि मग विषय बदलतो.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो असताना मालकांच्या गावी थांबलो. मालक राहिले नव्हते. लॉरीचा सांगाडा भंगारात गेला होता, पण पी-6 अजून होते. वीज गेली की थोरला मुलगा त्यावर पिठाची चक्की चालवतो. दगड घेऊन बसणारा तो हाच. फळीवर तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक्झॉस्टर ठेवला होता.

“तेवढा काढून ठेवलाय,” तो म्हणाला. “चक्कीला ब्रेक कशाला लागतोय, साहेब?”