थेंब मागे का फिरतो?

सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पृष्ठताण येतो. आपण सूत्र पाठ करतो, व्हायवाला ओकतो आणि मोकळे होतो. पण आमच्या घरी कांद्याचं पीक, आणि फवारणीच्या वेळी वडील पंपात औषधाबरोबर न चुकता स्टिकर टाकतात. का, तर "नाहीतर औषध पातीवर थांबत नाही." आता ते थांबत का नाही, हा प्रश्न अस्सल आपल्या सिलॅबसचा आहे!

कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो. मेणावर पाणी पसरत नाही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वेगाने आदळलेला थेंब मेणावरही भाकरीसारखा पसरतो, कारण त्या क्षणी जडत्वाचं राज्य असतं. खरी गंमत पुढे आहे. पसरल्यामुळे थेंबाचं पृष्ठफळ वाढतं, आणि पृष्ठताणाला (२५ अंश सेल्सिअसला पाण्यासाठी मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन) ते अजिबात मानवत नाही. कडा मागे सरकते, कडेला पाण्याची जाड वळी तयार होते, सगळं पाणी मध्याकडे धावतं आणि तिथे गर्दी झाली की वर उसळतं. थेंब पातीवरून सुटला, औषध मातीत. पैसे गेले ते वेगळेच.

या सगळ्याला वेळ किती लागतो? २००२ साली रिशार, क्लाने आणि केरे या फ्रेंच संशोधकांनी तो मोजला. पाणी न धरणाऱ्या पृष्ठभागावर थेंब किती वेळ टेकतो, हे त्याच्या वेगावर जवळजवळ अवलंबूनच नसतं! घनता गुणिले त्रिज्येचा घन, भागिले पृष्ठताण, त्याचं वर्गमूळ काढा आणि २.६ ने गुणा. १ मिलिमीटर त्रिज्येला उत्तर येतं सुमारे १० मिलिसेकंद. स्प्रिंगला टांगलेलं वजन कमी ओढा नाहीतर जास्त, आवर्तकाल तोच राहतो ना, तसंच हे. फवाऱ्यातला बारीक थेंब तर १ मिलिसेकंदही टेकत नाही.

मग काचेवरचा थेंब उडी का मारत नाही? पावसाळ्यात हॉस्टेलच्या खिडकीवर ओघळणारा थेंब नीट बघा. खालच्या बाजूला फुगीर, वरच्या बाजूला चपटा. म्हणजे पुढे सरकणाऱ्या कडेचा स्पर्शकोन मोठा आणि मागे हटणाऱ्या कडेचा लहान. या फरकाच्या जोरावरच छोटे थेंब उभ्या काचेला लटकून राहतात. १८०५ मध्ये थॉमस यंगने एकच कोन सांगितला आणि पुस्तकंही तेवढ्यावरच भागवतात. माझ्या मते मागे हटण्याचा कोनच जास्त कामाचा. तो लहान असेल तर कडा अडकते, थेंब थांबतो. कमळाच्या, अळूच्या पानावर तो जवळजवळ पुढच्या कोनाइतकाच मोठा असतो. धरून ठेवायला काही उरतच नाही.

साबणासारखा स्टिकर पृष्ठताण कमी करतो हे खरं. पण थेंब पसरताना नवा पृष्ठभाग इतक्या झटक्यात उघडा पडतो की साबणाच्या रेणूंना तिथे पोचायला वेळ मिळेलच असं नाही. म्हणून २००० साली बर्जेरॉन, बॉन आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी पाण्यात लांब साखळीचं पॉलिमर अगदी चिमूटभर मिसळलं. पाणी नेहमीसारखंच वाहतं, थेंब नेहमीसारखाच पसरतो, पण माघार मात्र संथ होते आणि उडी रद्द! आधी वाटलं, ताणलेल्या साखळ्या थेंबाच्या पोटात ऊर्जा खातात. पुढे २००७ आणि २०१० च्या प्रयोगांनी बोट दाखवलं ते कडेकडे. २०१० मध्ये तर चमकणारे डीएनए रेणू वापरून, मागे हटणाऱ्या कडेपाशी ते कसे ताणले जातात हे चक्क बघितलं गेलं. म्हणजे अख्ख्या थेंबाला नाही, नुसत्या कडेला ब्रेक लावला तरी पुरतं.

करून बघायचं असेल तर मेसच्या मोरीमागे अळू हमखास असतो. एक पान घ्या, ड्रॉपरने वीतभर उंचीवरून थेंब सोडा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये टिपा. सेकंदाला २४० फ्रेम असतील तर १ मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबाचा टेकण्याचा सगळा प्रकार दोन-तीन फ्रेममध्ये उरकतो, ९६० असतील तर दहाएक मिळतात. मग त्याच पाण्यात शाम्पूचा एक थेंब घालून पुन्हा टिपा. पान मात्र दुसरं घ्या. शाम्पू लागलेलं पान पुढच्या रीडिंगला उपयोगाचं नाही.