पटावरचं आरमार, भाग ५ : वारा पक्का, निकाल मोकळा

मागच्या भागात शिडांची मोठी गुराबं आणि वल्ह्यांची हलकी गलबतं पटावर उतरवली. आता त्यांच्यावर माणसं चढवायची, आणि भांडण नेमकं इथूनच सुरू होतं. रोलप्लेमध्ये खेळणारा नुसती सोंगटी सरकवत नाही. तो शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान होतो, मायनाक भंडारी होतो, कधी मुंबईकर इंग्रजांचा कप्तान होतो. आणि एकदा दौलतखान झाला की खऱ्या दौलतखानाने जे केलं नाही तेच त्याला करून पाहायचं असतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इतिहासाचा एक कैवारी बसलेला असतोच. असं झालंच नव्हतं, म्हणून तो खेळ अडवतो.

हा वाद आपल्याकडचा नाही आणि आजचाही नाही. प्रशियाच्या फौजेत १८२४ मध्ये रायस्वित्झचा युद्धखेळ आला. त्यातल्या कोष्टकांना आणि फाशांना अधिकारी पुढे इतके कंटाळले की १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने पुस्तकं मिटायला सांगितली : अनुभवी पंच बसवा, तो म्हणेल ते खरं. आजचा गेम मास्टर या पंचाचाच वारसदार. गंमत अशी की ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्ले खेळ १९७४ मध्ये करणाऱ्या गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी त्याआधी माइक कार यांच्याबरोबर शिडाच्या जहाजांच्या लढायांचा खेळ रचला होता. रोलप्लेच्या घरात आरमार आधी शिरलं, भुयारं आणि राक्षस नंतर.

माझं मत सरळ आहे. वारा, पाणी, अंतर आणि बातमी या चार गोष्टींत सूट द्यायची नाही. माणसाने काय ठरवायचं आणि त्यातून काय निघायचं, यात मात्र इतिहासाला मध्ये बोलू द्यायचं नाही.

खांदेरीच घ्या. ऑगस्ट १६७९च्या अखेरीस, पावसाळी समुद्र पुरता निवळायच्या आत, शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर तटबंदीचं काम काढलं. इंग्रजांनी वेढा घातला. १९ सप्टेंबरला बेटावर उतरायला गेलेला त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला पहाटे मराठी आरमार किनाऱ्यावरून निघून वेढ्यावर चालून गेलं. ‘डव्ह’ हे इंग्रज जहाज हाती लागलं, बाकीची बहुतेक लांब पळाली. एकट्या ‘रिव्हेंज’ने मात्र तोफांच्या जोरावर गलबतांना मागे रेटलं. एवढं होऊनही बेट मराठ्यांकडेच राहिलं, कारण रात्री छोट्या होड्या सामान घेऊन वेढ्यातून निसटतच होत्या.

अकोल्याच्या आमच्या टेबलावर १८ ऑक्टोबर आला की दौलतखान झालेला गडी हमखास उसळतो, “काऊन बुडत नाई ‘रिव्हेंज’? माह्याजवळ एवढी गलबतं हायेत!” आपण वऱ्हाडी माणसं जमिनीच्या लढाया ऐकत वाढलो. अडगाव आणि गाविलगडचं १८०३ आपल्याला तोंडपाठ. फौज थांबली म्हणजे थांबली, ही आपली समजूत. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात खारं पाणी विहिरीला लागतं, पण त्याला भरती-ओहोटी नसते. म्हणून आमच्या अडचणी कोकणातल्या पोरांपेक्षा वेगळ्या. समुद्रावर नांगराशिवाय जहाज उभं करता येत नाही, हेच आधी पटवावं लागतं.

शाळेतला भूगोल इथे कामी येतो. खारे वारे आणि मतलई वारे सातवीत घोकलेले असतात, कशाला ते कुणी सांगितलेलं नसतं. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी उलटं. खांदेरी किनाऱ्याच्या पश्चिमेला, म्हणजे पहाटेचा मतलई वारा मराठी गलबतांना बेटाकडे ढकलतो आणि दुपारचा खारा त्यांना घरी आणून सोडतो. मधे, सकाळ चढल्यावर, वारा पडतो. गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही; शिडावर जगणारं मोठं जहाज त्या वेळी लाकडाचा ओंडका. आमचा नियम असा : पहाटे फासा टाकला, एक ते चार पडले तर मतलई, पाच-सहाला वारा नाही. दुपारी एक ते पाचला खारा. हा नियम कुणासाठी बदलायचा नाही.

आता गड्याला सांगा, बुडव ‘रिव्हेंज’. तो वाऱ्याकडे बघायला लागतो. वारा पडायची वाट पाहू? तोवर इंग्रज सावध झाले तर? बाजूच्या तोफांसमोर जायचं की मागच्या अंगाने? एका खेळात ‘रिव्हेंज’ खरंच पकडली गेली. कैवारी रुसला. मला ते अगदी खरं वाटलं, कारण त्या सकाळी वारा पडला होता आणि पोरांनी तो हेरला होता.

बातमीचं तेच. १९४२ मध्ये लिव्हरपूलला कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी पाणबुड्यांविरुद्धची तालीम जमिनीवर खडूने रेघा ओढून घेतली. शिकणाऱ्या अधिकाऱ्यांना कॅनव्हासच्या पडद्याआडून, फटीतून पाहावं लागे. पाणबुडीची रेघ हिरव्या खडूची, म्हणजे त्यांना दिसूच नये. आमच्याकडे पडद्याच्या जागी जुनी चादर असते. समोरच्याची जहाजं चादरीआड गेली की अर्धी बढाई तिथेच उतरते.

भाषा, मानपान, जातपात, हुकूम मोडल्यावरची शिक्षा या बाबतीत मी फार काटेकोर नाही. खेळणारी मुलगी आरमाराची सरखेल झाली तर होऊ द्यावी. तिने मध्येच वायरलेस मागितला तरच हसावं.

खरी कसोटी १७५६च्या विजयदुर्गाची. नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने, इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार समोर. फेब्रुवारीत किल्ल्याचा धनी तुळाजी आंग्रे बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला आणि इकडे किल्ल्याखाली एकमेकांना बांधलेल्या जहाजांना आग लागून आरमार जळालं. तुळाजी होणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच बोलतो : मी छावणीत जात नाही. नको जाऊस. जहाजं सोडून वाघोटनच्या खाडीत वर न्यायचीत? ने. पुण्याला पत्र धाडायचंय? धाड, पण जासूद घाट चढेपर्यंतचे दिवस मोजले जातील आणि तोवर वॉटसन थांबणार नाही. खाडीत गुराबं चढवायला भरती हवी. ती कधी आहे हे त्याने विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गुराब गाळात रुतल्यावर कळेलच.

पुढच्या भागात : शिधा, दारूगोळा आणि गोडं पाणी.